सोटो गेल्यानंतरचा यांकी संघ: तिसऱ्या बेसवर कोण उभे राहणार?

हडसनकाठ | १४ फेब्रुवारी २०२५

टॅम्पाच्या सराव शिबिरात पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारे) दाखल झाले आहेत, आणि ॲलेक्स ब्रेगमनने बॉस्टनशी तीन वर्षांचा, १२ कोटी डॉलरचा करार केल्याची बातमी येऊन दोन दिवस झाले आहेत. तिसऱ्या बेसवर खेळणारा या हिवाळ्यातला सर्वांत चांगला मोकळा (कोणत्याही संघाशी करार नसलेला) खेळाडू आता बाजारात उरलेला नाही. म्हणून न्यू यॉर्क यांकीजचा संघ आज नेमका कुठे उभा आहे, कुठली जागा भरली आणि कुठली उघडी राहिली, याची सविस्तर चर्चा करावी असे वाटले.

हुआन सोटोने डिसेंबरमध्ये १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर घेऊन न्यू यॉर्कच्याच मेट्स संघाचा मार्ग धरला, हे सर्वांना माहीत आहे. त्याचे ४१ होम रन गेले याबद्दल खूप लिहिले गेले; मला त्याहून अधिक खटकते ती त्याची ०.४१९ ही बेसवर पोहोचण्याची सरासरी. ॲरन जज मैदानात येई तेव्हा समोर बहुतेक वेळा सोटो बेसवर उभा असे, आणि जजचे ५८ होम रन आणि त्याच्या फटक्यांवर संघाला मिळालेल्या १४४ धावा यांचा त्या गोष्टीशी थेट संबंध आहे. ग्लेबर टोरेसही एका वर्षाच्या कराराने डेट्रॉइटला गेला. ऑगस्टपासून आणि पुढे संपूर्ण ऑक्टोबरभर टोरेस पहिल्या क्रमांकावर आणि सोटो दुसऱ्या क्रमांकावर खेळत होते. म्हणजे डॉजर्सविरुद्धच्या अंतिम मालिकेत ज्या फलंदाजी-क्रमाने आपण उतरलो, त्याचे पहिले दोन्ही फलंदाज आज आपल्याकडे नाहीत.

त्या बदल्यात संघाचे व्यवस्थापक ब्रायन कॅशमन यांनी काय मिळवले? पिचर मॅक्स फ्रीड आठ वर्षांसाठी २१.८ कोटींना आला. मिलवॉकीला पिचर नेस्टर कोर्तेझ आणि केलेब डर्बिन देऊन क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारा पिचर) डेव्हिन विल्यम्स आणला. शिकागोकडून कोडी बेलिंजर जवळजवळ फुकट मिळाला, कारण त्याच्या बदल्यात फक्त कोडी पोटीट द्यावा लागला आणि शिकागोने वर ५० लाख डॉलर दिले. पहिल्या बेससाठी पॉल गोल्डश्मिटला एका वर्षाचे १.२५ कोटी दिले. एक माणूस गेला म्हणून हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा हे निश्चितच चांगले झाले, आणि पिचिंगच्या बाबतीत तर गेल्या वर्षीपेक्षा संघ बळकट दिसतो.

परंतु टोरेस गेल्यामुळे जॅझ चिझमला त्याच्या मूळ जागी, दुसऱ्या बेसवर, परत नेले आहे आणि तिसरा बेस रिकामा पडला आहे. त्या जागेसाठी आज तीन नावे घेतली जातात. डी. जे. लमेह्यू ३६ वर्षांचा आहे आणि गेल्या हंगामात त्याची फलंदाजीची सरासरी ०.२०४ होती. ओस्वाल्डो काब्रेरा कुठेही उभा राहतो, पण एका जागेवर पूर्ण हंगाम असा तो कधी खेळलेला नाही. ओस्वाल्ड पेराझाचे हात सुरेख आहेत, मात्र बॅटने अजून काही सिद्ध झालेले नाही. अंतिम मालिकेच्या ३० ऑक्टोबरच्या पाचव्या सामन्यातली पाचवी इनिंग ज्यांनी पाहिली, त्यांना मी वेगळे सांगायला नको. ५-० अशी आघाडी असताना जजच्या हातून झेल सुटला, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) व्होल्पीची फेक चुकली, पहिला बेस झाकायला पिचर कोल गेला नाही, आणि डॉजर्सने पाच धावा काढल्या. त्या पाचही धावा क्षेत्ररक्षणाच्या चुकांमुळे झाल्या. ज्या संघाचा हंगाम असा संपला, त्या संघाने आतल्या मैदानातली एक जागा तीन अनिश्चित माणसांवर सोडावी, हे मला पटत नाही. माझ्या मते तिसरा बेसमन नोलन ॲरेनाडोसाठी सेंट लुईसशी आजही बोलणी करावीत. तुम्हा सर्वांची मते वाचायला आवडतील.

शिकागोकर | १४ फेब्रुवारी २०२५

मी मुळात शिकागो कब्ज संघाचा पाठीराखा आहे, त्यामुळे यांकीजच्या घरच्या चर्चेत बोलताना थोडा संकोच वाटतो. तरीही बेलिंजरबद्दल दोन शब्द लिहितो, कारण त्याला दोन वर्षे रिगली मैदानावर जवळून पाहिले आहे.

तो स्वस्तात मिळाला याचे कारण त्याचा खेळ घसरला हे नाही. आमच्या व्यवस्थापनाने ह्यूस्टनकडून कायल टकर आणला, त्यासाठी आयझॅक पारेदेस, हेडन वेस्नेस्की आणि कॅम स्मिथ दिले, आणि त्यानंतर बेलिंजरचे २.७५ कोटी डोईजड झाले. २०२३ मध्ये त्याने ०.३०७ च्या सरासरीने २६ होम रन मारले होते. २०२४ मध्ये एप्रिलमध्येच वेलींनी झाकलेल्या त्या विटांच्या भिंतीवर आदळून त्याच्या बरगड्या मोडल्या आणि पुढे बोटही मोडले. तरी तो खेळत राहिला. त्याची फटकेबाजी आता पूर्वीइतकी जोरकस नाही हे खरे आहे, परंतु तुमच्या मैदानाच्या उजव्या कोपऱ्यातली भिंत केवळ ३१४ फुटांवर आहे आणि हा डावखुरा फलंदाज चेंडू त्याच दिशेने उंच मारतो. शिवाय तो सेंटरफील्डला (बाहेरच्या मैदानात मध्यभागी) उभा राहिला की जज उजवीकडे परत जाऊ शकतो, आणि जजच्या गुडघ्यांसाठी व पायांसाठी ही गोष्ट लहान नाही. ज्यांना यांकीजचा इतिहास प्रिय आहे त्यांच्यासाठी एवढेच, की त्याचे वडील क्ले बेलिंजर १९९९ आणि २००० च्या विजेत्या यांकी संघांत होते.

हडसनकाठ, तुम्ही बेलिंजरला सोटोच्या जागी मोजू नका. गेल्या वर्षी बाहेरच्या मैदानात खेळलेल्या व्हर्डूगोच्या जागी मोजा, म्हणजे हिशेब वेगळा दिसेल.

जर्सीसिटी | १५ फेब्रुवारी २०२५

हडसनकाठ यांनी मांडणी चांगली केली आहे, पण पैशाचा मुद्दा त्यांनी अजिबात घेतलेला नाही आणि माझ्या मते सगळी गुंतागुंत तिथेच आहे.

या वर्षी स्पर्धा-संतुलन कराच्या, म्हणजे संघाच्या एकूण वेतनाने मर्यादा ओलांडल्यावर लागणाऱ्या कराच्या, चार पायऱ्या आहेत: २४.१, २६.१, २८.१ आणि ३०.१ कोटी डॉलर. सलग तिसऱ्या किंवा त्याहून अधिक वर्षी मर्यादा ओलांडणाऱ्या संघाला सर्वांत वरच्या पायरीच्या पुढे प्रत्येक डॉलरवर १ डॉलर १० सेंट कर भरावा लागतो. आपला संघ त्याच वर्गात मोडतो आणि आपली वेतनाची बेरीज त्या शेवटच्या रेषेवर येऊन ठेपली आहे. म्हणजे उद्या ३ कोटींचा तिसरा बेसमन आणला, तर मालकांच्या खिशातून ६.३ कोटी जातील. हा कर मोजताना खेळाडूला त्या वर्षी प्रत्यक्ष किती मिळाले हे न पाहता कराराची वार्षिक सरासरी धरतात, त्यामुळे "पहिल्या वर्षी कमी द्या, पुढे जास्त द्या" ही युक्तीही इथे चालत नाही.

मालक हॅल स्टाइनब्रेनर यांच्याकडे पैसा नाही असे मी म्हणत नाही. यांकीज हा बेसबॉलमधला सर्वांत श्रीमंत संघ आहे आणि चाहत्याने मालकाच्या खिशाची काळजी वाहण्याचे कारण नाही. परंतु कॅशमन यांना जी चौकट दिली आहे ती ही आहे, आणि त्या चौकटीत ॲरेनाडोचा २०२७ पर्यंतचा करार बसत नाही. तो एप्रिलमध्ये ३४ वर्षांचा होईल. त्याच्याकडे बदली नाकारण्याचा अधिकार आहे आणि डिसेंबरमध्ये त्याने तो वापरून ह्यूस्टनला नकारही दिला आहे. गोल्डश्मिट ३७ वर्षांचा, लमेह्यू ३६ वर्षांचा, स्टँटन ३५ वर्षांचा. त्यात आणखी एक उतरणीला लागलेला उजवा फलंदाज तीन वर्षांसाठी घ्यायचा का, याचा विचार करा.

सोटोला देऊ केलेल्या पैशांत फ्रीड, बेलिंजर, विल्यम्स आणि गोल्डश्मिट एवढे चौघे आले, हे मला शहाणपणाचे वाटते. एका जागेवरचा देदीप्यमान खेळाडू गमावून चार जागा सुधारल्या. तिसऱ्या बेसबद्दल म्हणाल, तर जुलैपर्यंत काब्रेरावर भागवावे आणि अदलाबदलीची मुदत संपण्यापूर्वी गरजेप्रमाणे कोणी आणावा. गेल्या जुलैत चिझम तसाच आला होता. त्याने व्यावसायिक खेळात तोवर कधीही तिसरा बेस सांभाळला नव्हता, आणि तरीही ४६ सामन्यांत ११ होम रन मारून व १८ बेस चोरून त्याने संघाचा नूर पालटला.

फेनवेजवळ | १७ फेब्रुवारी २०२५

माझी निष्ठा बॉस्टनच्या रेड सॉक्सवर आहे हे नावावरून कळेलच. पण तुमच्या चर्चेत एक समांतर उदाहरण म्हणून आमची गोष्ट उपयोगी पडेल असे वाटते.

आम्हालाही याच हिवाळ्यात आघाडीचा पिचर हवा होता. तुम्ही पैसा दिला, आम्ही माणसे दिली. शिकागो व्हाइट सॉक्सकडून गॅरेट क्रोशे घेताना आम्ही कायल टील, ब्रेडन मॉन्टगोमेरी, चेस माइड्रोथ आणि विकेलमन गोन्झालेझ असे चार तरुण खेळाडू सोडले. टील हा आमचा भावी कॅचर होता. मॉन्टगोमेरीला तर आम्ही जुलैतच पहिल्या फेरीत निवडले होते. त्या दिवशी मला वाईट वाटले आणि आजही वाटते, तरी क्रोशेने १४६ इनिंगमध्ये २०९ फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद केले होते आणि असा डावखुरा पिचर बाजारात मिळत नाही, हेही मी स्वतःला सांगतो. फ्रीडसाठी तुम्हाला एकही तरुण खेळाडू द्यावा लागला नाही, हा फायदा लहान समजू नका. ज्या दिवशी अदलाबदल करायची वेळ येईल त्या दिवशी तो हाताशी येईल.

ब्रेगमनबद्दल सांगायचे, तर तुमच्याकडे तिसऱ्या बेसवर कोणी नाही आणि आमच्याकडे दोघे आहेत. रफाएल डेव्हर्सने "तिसरा बेस ही माझी जागा आहे" अशी ठाम भूमिका घेतली आहे, आणि ब्रेगमनला गेल्या वर्षी त्याच जागी क्षेत्ररक्षणाचा सुवर्ण हातमोजा मिळाला आहे. ज्या खेळाडूभोवती २०३३ पर्यंतचा संघ बांधायचा ठरवले, त्यालाच हंगामाच्या तोंडावर जागा सोडायला सांगणे हे मला योग्य वाटत नाही. निदान आधी त्याच्याशी मोकळेपणाने बोलायला हवे होते. जागा रिकामी असणे हे दुखणे आहेच, पण एका जागेवर दोन मानी माणसे असणे हेही सोपे नाही.

अंबानगरी | १८ फेब्रुवारी २०२५

मी अमरावतीची. शाळा-कॉलेजात असताना दहा वर्षे सॉफ्टबॉल खेळले आणि त्यातली सहा वर्षे तिसऱ्या बेसवर होते. आता नोकरीनिमित्त न्यू जर्सीत असते. वरची सगळी चर्चा वाचताना असे जाणवले की तिसऱ्या बेसकडे सगळेजण वेतन आणि होम रन यांच्या नजरेतून पाहत आहेत. त्या जागेचे काम काय आहे याबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते.

तिसऱ्या बेसवर विचार करायला वेळ मिळत नाही. शॉर्टस्टॉपला चेंडू येताना दिसतो, दोन पावले टाकता येतात, शरीर चेंडूमागे नेता येते. तिसऱ्या बेसवर उजव्या फलंदाजाने ओढून मारलेला चेंडू आला, तर पहिले पाऊल बरोबर पडले की नाही यावरच सगळे ठरते. सॉफ्टबॉलमध्ये बेसमधले अंतर ६० फूट असते, त्यामुळे आमची फेक ८५ फुटांची. बेसबॉलमध्ये बेस ९० फुटांवर असतात आणि तिसऱ्यापासून पहिल्यापर्यंतची तिरकी फेक १२७ फुटांहून थोडी जास्त भरते. ती फेकसुद्धा बहुतेक वेळा तोल सांभाळत, कधी गुडघ्यावरून, कधी रेषेबाहेर पाय गेलेला असताना करावी लागते.

दुसरी गोष्ट बंटची, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच पुढे टेकवण्याची. समोर वेगवान डावखुरा फलंदाज असेल तर तिसऱ्या बेसमनला गवताच्या कडेपर्यंत पुढे यावे लागते. पण पुढे आले की मागून जाणारा जोरकस चेंडू अडवायला आणखी कमी वेळ मिळतो. किती पुढे यायचे याचा निर्णय प्रत्येक चेंडूगणिक बदलतो. आमचे प्रशिक्षक सांगत की फलंदाजाच्या हाताकडे पाहा, बॅटवरचा वरचा हात सरकायला लागला की धावायला लागा. हे रोज त्याच जागी उभे राहूनच अंगात मुरते. म्हणूनच मला लमेह्यू, काब्रेरा आणि पेराझा यांना आलटून पालटून खेळवण्याची कल्पना सर्वांत वाईट वाटते. तिघांपैकी कोणीही निवडा, परंतु एकाला निवडा आणि मे महिन्यापर्यंत त्याला हात लावू नका.

माझे मत काब्रेराच्या बाजूने आहे. त्याची फेक अचूक आहे, तो दोन्ही हातांनी फलंदाजी करतो, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहिला की आजूबाजूचे चौघे सैल होतात. व्होल्पीसारख्या तरुण शॉर्टस्टॉपला शेजारी असा माणूस लागतो. पाचव्या सामन्यात व्होल्पीची जी फेक चुकली ती तिसऱ्याच बेसकडे केलेली होती हे विसरू नये, आणि फेक घेणारा चिझम त्या जागेवर तीन महिन्यांपूर्वी आला होता. दोष फेकणाऱ्याचाच होता. पण वर्षानुवर्षे तिथे उभा असलेला माणूस चेंडू कुठल्या उसळीवर घ्यायचा हे ओळखतो आणि कधीकधी वाईट फेकही पदरात घेतो.

हडसनकाठ | १८ फेब्रुवारी २०२५

अंबानगरी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्या चुकीकडे फेक घेणाऱ्याच्या बाजूने मी कधी पाहिलेच नव्हते. तुम्ही म्हणता तो "एकाला निवडा" हा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो.

जर्सीसिटी यांचा कराचा हिशेबही बरोबर आहे. ॲरेनाडोबद्दलचा माझा आग्रह त्यापुढे टिकत नाही. मात्र एका गोष्टीवर मी ठाम आहे. "एक गमावून चार जागा सुधारल्या" हे बेरजेचे गणित क्रमवारीत लागू पडत नाही. जजच्या आधी कोण? व्होल्पीला पहिल्या क्रमांकावर खेळवून पाहिले, पण तो चेंडू सोडून बेस मिळवणारा फलंदाज नाही. चिझम जोरदार बॅट फिरवतो. प्रशिक्षक बून यांच्या बोलण्यावरून कॅचर ऑस्टिन वेल्सला पहिल्या क्रमांकावर पाठवण्याचा विचार दिसतो. कॅचर पहिला फलंदाज ही दुर्मीळ गोष्ट असली तरी वेल्सची नजर चांगली आहे, म्हणून मला ती कल्पना धाडसी पण योग्य वाटते. तरीही दीडशे चेंडू झेलून, गुडघे वाकवून बसणाऱ्या माणसावर सर्वाधिक वेळा फलंदाजीला येण्याचा भार टाकावा लागतो, यावरूनच रिकामी जागा किती मोठी आहे हे कळते.

डोमिंगेझबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही. लेफ्टफील्ड त्याला दिले आहे, तो २२ वर्षांचा आहे, आणि पहिल्याच संधीत नामवंत पिचर व्हर्लँडरला होम रन मारणाऱ्या मुलाला पूर्ण हंगाम मिळायला हवा असे मी मनापासून म्हणतो. तो उंच चेंडूखाली अजून चाचपडतो. तेवढे शिकण्यासाठी त्याला दोन महिने द्यावेत.

पहाटेचा_प्रेक्षक | २२ फेब्रुवारी २०२५

मी पुण्यातून लिहितो आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी ७ वाजून ५ मिनिटांचे सामने इथे पहाटे ४ वाजून ३५ मिनिटांनी सुरू होतात, आणि गेली चार वर्षे मी ते नेमाने पाहतो. एक शंका आहे. कोल, फ्रीड, रोडॉन, लुईस हील आणि क्लार्क श्मिट असे पाच सुरुवातीचे पिचर असताना मार्कस स्ट्रोमन सहावा ठरतो. मग स्ट्रोमन देऊन तिसरा बेसमन का घेता येत नाही? एकाकडे जास्त आहे, दुसऱ्याकडे कमी आहे, इतके ते सरळ नाही का?

जर्सीसिटी | २२ फेब्रुवारी २०२५

प्रश्न अगदी योग्य आहे, आणि संघाने तसा प्रयत्न केल्याच्या बातम्याही हिवाळाभर येत होत्या. अडचण कराराच्या रचनेत आहे. स्ट्रोमनचा करार दोन वर्षांचा, ३.७ कोटींचा आहे, आणि या हंगामात त्याने १४० इनिंग टाकल्या तर पुढच्या वर्षाचे १.८ कोटी घेऊन राहायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्याला मिळतो. म्हणजे घेणाऱ्या संघाला दोन्ही बाजूंनी जोखीम आहे: तो वाईट खेळला तर यंदाचे पैसे वाया जातात, आणि जेमतेम खेळूनही १४० इनिंग भरल्या तर पुढचे वर्षही गळ्यात पडते. गेल्या वर्षी त्याने दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी ४.३१ होती आणि ऑक्टोबरमध्ये त्याला एकदाही गोलंदाजी मिळाली नाही, हे बाकीच्या २९ संघांनी पाहिलेले आहे. अशा खेळाडूला द्यायचे तर वेतनाचा मोठा वाटा आपण उचलावा लागेल, आणि तो उचललेला वाटा पुन्हा त्याच करात मोजला जाईल.

माझे व्यक्तिगत मत असे की त्याला ठेवावे. सहा चांगले पिचर आहेत असे फेब्रुवारीत ज्या संघाला वाटते, त्या संघाकडे मे महिन्यात चार असतात. हे मी पंचवीस वर्षे पाहत आलो आहे.

हडसनकाठ | ११ मार्च २०२५

वरचे शेवटचे वाक्य इतक्या लवकर आणि इतक्या कठोरपणे खरे व्हावे, असे आपल्यापैकी कोणालाच वाटले नसेल.

गेल्या आठवड्यात लुईस हीलच्या पाठीचा स्नायू फाटल्याचे कळले आणि तो निदान तीन महिने दिसणार नाही हे स्पष्ट झाले. मागच्या हंगामात १५ सामने जिंकून तो अमेरिकन लीगमधला वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला होता. लमेह्यूची पोटरी पहिल्याच सराव सामन्यात दुखावली. स्टँटनच्या दोन्ही कोपरांना त्रास आहे आणि तो कधी परतेल हे सांगता येत नाही. आणि आज गेरिट कोलच्या उजव्या कोपराची शस्त्रक्रिया झाली. त्याचा २०२५ चा हंगाम सुरू होण्याआधीच संपला.

महिनाभरापूर्वी मी इथे लिहिले होते की पिचिंग बळकट आहे आणि तिसरा बेस उघडा आहे. आज तिसरा बेस तिथेच आहे, आणि पिचिंगची पहिली दोन खणखणीत नावे गळाली आहेत. फ्रीडला आणले तेव्हा कोल आणि फ्रीड ही जोडी डोळ्यांसमोर होती. एका डावखुऱ्याने आणि एका उजव्याने सलग दोन दिवस समोरच्या संघाला दम घेऊ द्यायचा नाही, असे ते चित्र होते. आता फ्रीडवर एकट्यावर तो भार येणार. सोटोसाठी सगळे पैसे राखून ठेवून फ्रीडला घेतले नसते तर आज काय अवस्था झाली असती, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. त्या एका बाबतीत जर्सीसिटी यांचे मत माझ्यापेक्षा सरस होते, हे मी इथे स्पष्टपणे नोंदवतो.

कोर्तेझची आठवणही आज तीव्रतेने येते. अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात फ्रेडी फ्रीमनने दहाव्या इनिंगमध्ये बेस भरलेले असताना त्याला मारलेला होम रन लोक विसरायला तयार नाहीत. पण त्या रात्रीपूर्वी तो सप्टेंबरच्या मध्यापासून खेळलेला नव्हता, आणि दुखरा हात घेऊन तो उभा राहिला होता. विल्यम्स हा पहिल्या प्रतीचा क्लोजर आहे यात शंका नाही. तरी त्याचा करार या हंगामाअखेर संपतो, आणि ल्यूक वीव्हरने गेल्या शरद ऋतूत नववी इनिंग उत्तम सांभाळली होती. आज कोर्तेझ हाताशी असता तर सत्तर इनिंगच्या माणसापेक्षा दीडशे इनिंगचा माणूस अधिक मोलाचा ठरला असता.

फेनवेजवळ | ११ मार्च २०२५

कोलबद्दल वाईट वाटले. प्रतिस्पर्धी म्हणून त्याच्यासमोर आमचा संघ उतरला की मी सामना चुकवत नसे.

जर्सीसिटी | १२ मार्च २०२५

हडसनकाठ, कोर्तेझच्या बाबतीत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. त्याच्या कोपराची शंका हीच त्याला सोडण्यामागची एक बाजू होती. ज्या हाताची खात्री नाही त्याच्या भरवशावर दीडशे इनिंग धरता येत नाहीत.

आता व्यवहाराचे बोलू. पिचर डिलन सीससाठी सॅन डिएगोशी बोलावे असे अनेक ठिकाणी लिहिले जात आहे. माझा त्याला विरोध आहे. मार्च महिन्यात, सगळ्या जगाला आपली निकड दिसत असताना अदलाबदल करायला जाणे म्हणजे दुप्पट किंमत मोजणे. आपल्याकडे देण्यासारखे आहे तरी काय? डोमिंगेझ, बेन राइस, आणि २०२३ मध्ये पहिल्या फेरीत निवडलेला जॉर्ज लोम्बार्ड ज्युनियर. स्टँटन नसताना राइसची बॅट आपल्याला रोज लागणार आहे. लोम्बार्ड आतल्या मैदानात खेळतो, आणि तिसऱ्या बेसचे कायमचे उत्तर त्याच्यात असण्याची शक्यता आहे. तरुण पिचर विल वॉरेनला संधी द्यावी, जुन्या पिचर करास्कोच्या अनुभवाचा दीड महिना उपयोग करून घ्यावा, आणि स्ट्रोमनला मान देऊन चेंडू हातात द्यावा. मला सुरुवातीचा पिचर म्हणूनच पाहा, असे त्याने शिबिराच्या पहिल्याच दिवसांत सांगितले होते. तेव्हा ते अनेकांना आवडले नाही; आज त्याच्याकडून तेच हवे आहे.

पहाटेचा_प्रेक्षक | १३ मार्च २०२५

मी स्ट्रोमनला देऊन टाका म्हणालो होतो, ते मागे घेतो. आता त्याच्या १४० इनिंग पूर्ण व्हाव्यात असेच मला वाटते, कारण त्या झाल्या तर संघ जुलैतही शर्यतीत असेल.

अंबानगरी | २४ मार्च २०२५

गुरुवारी २७ तारखेला दुपारी मिलवॉकीविरुद्ध पहिला सामना आहे. रोडॉन सुरुवात करणार आहे आणि काब्रेरा तिसऱ्या बेसवर असेल असे दिसते. आम्ही चौघीजणी न्यू जर्सीहून गाडीने जाणार आहोत आणि आमच्या जागा तिसऱ्या बेसच्याच बाजूला आहेत. पुण्याच्या मित्रांसाठी, तुमच्याकडे तेव्हा मध्यरात्रीनंतरचे १२ वाजून ३५ मिनिटे झालेली असतील.

सामना पाहताना एक गोष्ट जरूर बघा. मिलवॉकीचा ब्राइस टुरँग डावखुरा आहे, आणि गेल्या हंगामात त्याने ५० बेस चोरले आहेत. तो पहिल्यांदा फलंदाजीला आला की चेंडूकडे पाहू नका, काब्रेराच्या पायांकडे पाहा. तो गवताच्या कडेपर्यंत पुढे आला, पिचरने हात उचलताच दोन्ही पायांवर हलका उडाला आणि टुरँगच्या वरच्या हातावरून नजर हलू दिली नाही, तर हा माणूस त्या जागेवर राहायला आला आहे असे मी समजेन. रात्री घरी आल्यावर काय दिसले ते इथे लिहीन.